कालवांच्या कवचांखाली

होडीच्या बगलेला बांधलेला लोखंडी पट्टा फिरू लागला, की तळातून सगळ्यांत आधी वर येतं ते गवत. मग चिखलाचे गोळे, त्यांच्यामागून कालवांची जुनी कवचं. काळीठिक्कर पडलेली, काठ झिजून बोथट झालेले, अंगाला बारीक बारीक भोकं. क्लॅम त्यांच्या मागून येतात. कधी दोन, कधी सात, कधी एकही नाही. मेरीलँड राज्याच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या उथळ खाड्यांत हार्ड क्लॅम या शिंपल्याची मोजणी होते, त्या होडीवर मी काही उन्हाळे हंगामी मदतनीस म्हणून काम केलं. पहिल्याच दिवशी माझी ओंजळ या कवचांनी भरली आणि मी कॅप्टनला विचारलं, "एवढी कवचं आहेत, मग जिवंत कालव कुठे आहे?"

"माझ्या आजोबांच्या वेळी होतं," तो म्हणाला आणि पुन्हा सुकाणूकडे वळला.

मी मूळची रत्नागिरीची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, पण शिंपल्यांची ओळख त्याच्या फार आधीची, आत्यामुळे झालेली. उधाणाची ओहोटी लागली की ती भाट्याच्या खाडीत उतरायची. मी तिच्यामागे. चिखलातली भोकं डोळ्यांनी शोधत मी रेंगाळायचे, तेव्हा ती म्हणायची, "बाय, पायांनी बघ." तळव्याला गोल, गुळगुळीत काही लागलं की अंगठ्याने दाबून धरायचं आणि वाकून काढायचं. तिसऱ्या काढायची ही रीत मला कोकणाचीच वाटत होती. लग्नानंतर मेरीलँडमधल्या सॉल्सबरीला राहायला आले आणि इथल्या म्हाताऱ्या मच्छीमारांशी बोलताना कळलं, की त्यांचे वाडवडीलही गुडघाभर पाण्यात उभे राहून पायांनीच क्लॅम शोधत. व्हर्जिनियाच्या बाजूला तर चिखल उघडा पडला की क्लॅमच्या श्वासनळ्यांनी पाडलेली खूण वाचण्याचं कसब होतं. त्या खुणेला ते नुसतं 'साइन' म्हणत.

मेरीलँडच्या खाड्यांत मात्र खूण वाचण्याइतका तळ सहसा उघडा पडत नाही. नकाशावर उत्तरेकडून खाली या: असावुमन, आइल ऑफ वाइट, सिनेपक्सेंट, न्यूपोर्ट, आणि सगळ्यांत मोठी शिंकटीग, जिचा दक्षिणेकडचा भाग व्हर्जिनियात जातो. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूची लांब पट्टी आहे. तिच्या वरच्या टोकावर ओशन सिटी हे गाव आणि खाली असाटीग बेट. पाणी इतकं उथळ की बऱ्याच ठिकाणी माणूस सहज उभा राहील. ओशन सिटीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा फरक मीटरभर दिसतो. शिंकटीगच्या मध्यावर तोच फरक जेमतेम वीतभर उरतो. आमच्याकडे उधाणाला पुरुषभर पाणी चढतं आणि उतरतं, त्यामुळे मला सुरुवातीला ही खाडी खाडीच वाटेना. तळ्यासारखी निवांत वाटायची. तिच्यात पाणी सावकाश बदलतं, आणि जे तिच्यात पडतं ते फार काळ तिथेच राहतं. ती काळी कवचंसुद्धा.

या क्लॅमचं लॅटिन नाव मर्सेनेरिया मर्सेनेरिया. १७५८ मध्ये लिनियसने त्याला व्हीनस मर्सेनेरिया म्हटलं तेव्हा त्याच्या मनात मजुरी, मोबदला अशा अर्थाचा लॅटिन शब्द होता. ईशान्य किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी या शिंपल्याच्या आतल्या जांभळ्या भागातून मणी घडवत. पांढरे मणी दुसऱ्या शंखांचे, जांभळे याचे, आणि जांभळ्याचा मान जास्त. त्या मण्यांच्या माळा आणि पट्टे म्हणजे वॅम्पम. करार, शोक, सोयरीक अशा प्रसंगी ते दिले-घेतले जात. गोरे वसाहतवाले आले तेव्हा त्यांच्याकडे सुटी नाणी नव्हती, म्हणून सतराव्या शतकात त्यांनी वॅम्पमचंच चलन केलं. मालदीवच्या कवड्या आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात खुर्द्यासारख्या चालत होत्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की 'कवडीमोल' म्हटलं की आपण क्षुल्लक समजतो, आणि इथे मात्र एक जांभळा मणी घडवायला आणि भोक पाडायला माणसाचा फार वेळ जात असे.

पण शिंकटीगच्या खाडीचं नाव झालं ते क्लॅममुळे नाही, कालवांमुळे. खाडीचं दक्षिणेकडचं तोंड समुद्राला मिळतं, तिथलं पाणी खारट, आणि तिथली कालवं 'शिंकटीग सॉल्ट्स' या नावाने विकली जात. १८७६ मध्ये खाडीच्या पश्चिम काठावर फ्रँकलिन सिटीपर्यंत आगगाडी आली आणि तिथून पिंपं भरभरून कालवं फिलाडेल्फिया-न्यूयॉर्ककडे जाऊ लागली. त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १७९१ मध्ये शिंकटीगला मुक्त कृष्णवर्णीय आईबापांच्या पोटी थॉमस डाउनिंग जन्मला. याच पाण्यात कालवं काढत तो मोठा झाला. पुढे न्यूयॉर्कला जाऊन १८२५ मध्ये त्याने ब्रॉड स्ट्रीटवर कालवांची खाणावळ काढली. बँकवाले, वकील, राजकारणी तिथे जेवायला येत. त्याने पाठवलेली कालवं खाऊन राणी व्हिक्टोरियाने त्याला सोन्याचं घड्याळ भेट दिलं. वर हे सगळे थोर लोक जेवत असताना खाली तळघरात तो दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवत असे. माझ्या ओंजळीतल्या काळ्या कवचांतलं एखादं त्याच्या लहानपणचंही असेल. कालवाचं कवच चिखलात गाडलं गेलं की फार टिकतं.

मग जिवंत कालवं गेली कुठे? कॅप्टनच्या आजोबांच्या उत्तरात एकच तारीख असायची: २३ ऑगस्ट १९३३.

वादळ चेसापीक खाडीच्या बाजूने वर सरकत होतं. कित्येक दिवस पाऊस कोसळत होता, नद्या-ओहोळांचं पाणी खाड्यांत येऊन साचत होतं आणि वाऱ्याने समुद्रही आत ढकलला होता. एवढं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. शेवटी ओशन सिटीच्या दक्षिण टोकाला वाळूची पट्टी फुटली. बहुतेकांना वाटतं समुद्र आत घुसला. तसं घडलं नाही. खाडी तुंबली आणि तिनेच बाहेर पडण्यासाठी भिंत फोडली. रस्ते गेले, किनाऱ्यावरची मच्छीमारांची वसतिस्थानं गेली, सिनेपक्सेंट खाडीवरचा आगगाडीचा पूल वाहून गेला. ते तोंड लवकरच आपोआप बुजलं असतं, कारण या किनाऱ्यावर अशी तोंडं वाळूने कितीदा उघडली आणि मिटवली आहेत. पण होड्यांना थेट समुद्रात जाणारी वाट ओशन सिटीला हवीच होती. लष्कराच्या अभियंत्यांनी पुढच्या दोन वर्षांतच दोन्ही बाजूंना दगडांचे बांध घातले आणि तोंड कायमचं उघडं ठेवलं. त्या बांधांनी उत्तरेकडून वाहत येणारी वाळू अडवली आणि असाटीगचं उत्तर टोक उपाशी राहिलं. आज ओशन सिटीच्या किनाऱ्यावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं, तर एकेकाळी सरळ रेषेत असलेलं ते बेट अर्ध्या किलोमीटरहून जास्त आत सरकलेलं दिसतं.

मला मात्र त्या तोंडातून आत आलेल्या मिठात जास्त रस आहे. उत्तरेकडच्या खाड्या तोवर अर्ध्या गोड्या होत्या. आता दर भरतीला समुद्र आत येऊ लागला. कालव खाऱ्या-गोड्या पाण्यात जगतं, कारण त्याचे वैरी तिथे जगत नाहीत. कवचाला बारीक भोक पाडून आतलं मांस खाणाऱ्या लहान गोगलगाई, ज्यांना इथे 'ड्रिल' म्हणतात, त्यांना खारं पाणीच लागतं. त्या वर वर सरकत गेल्या. पुढे रोगही आले. कालवं एका रात्रीत मेली नाहीत. कालवांचे थर तसेच राहिले, फक्त त्यांच्यावर पिल्लं बसेनात, आणि एका पिढीत तिथे नुसती कवचं उरली. त्याच सुमाराला, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, अटलांटिकच्या दोन्ही काठांवर ईलग्रास नावाचं सागरी गवत रोगाने संपत होतं आणि त्याच्या आधाराने वाढणारे स्कॅलप नावाचे शिंपलेही इथून गेले. एकाच दशकात गवत, स्कॅलप आणि कालवं असा सारा संसार मोडला. क्लॅमला मात्र खारटपणा मानवला. जिथे तो पूर्वी नावालाही नव्हता, त्या सिनेपक्सेंट आणि आइल ऑफ वाइटमध्ये तो पसरला.

हे सगळं मला रेजिनाल्ड ट्रुइटमुळे उमगू लागलं. तो याच परगण्यातल्या स्नो हिलचा. त्याने १९२५ मध्ये सॉलोमन्सला चेसापीक बायॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू केली, आयुष्यभर कालवांचा अभ्यास केला, आणि म्हातारपणी 'हाय विंड्स, हाय टाइड्स' हे मेरीलँडच्या किनाऱ्यावरच्या वादळांचं पुस्तक लिहिलं. कालवांचा अभ्यासक शेवटी वादळांकडे का वळतो, हे मला त्या होडीवर चढल्यावर कळलं. इथे जीव मोजायचे तर आधी वाळू कधी आणि कुठे फुटली ते ठाऊक असावं लागतं.

आता मोजणीकडे येते. १९५७ मध्ये हॅरी वेल्स नावाच्या जीवशास्त्रज्ञाने 'इकॉलॉजी' या नियतकालिकात शिंकटीग खाडीतल्या क्लॅमवर एक लेख लिहिला. क्लॅम कुठे दाट आणि कुठे विरळ, आणि का, हा त्याचा प्रश्न. त्याने खारटपणा पाहिला, तळाचा पोत पाहिला. उत्तर असं आलं, की नुसत्या चिखलात क्लॅम कमी, वाळूत त्याहून बरे, आणि ज्या तळात कवचं मिसळली आहेत तिथे सगळ्यांत जास्त.

हे वाचलं तेव्हा मी सॉल्सबरीच्या घरी टेबलाशी बसले होते आणि मला आमच्या पट्ट्यावरची ती काळी कवचं आठवली. आम्ही त्यांना अडगळ समजत होतो. क्लॅम वेचून घ्यायचे आणि कवचं ढकलून द्यायची.

कारण साधं आहे. क्लॅमची मादी एका हंगामात लाखो अंडी पाण्यात सोडते. अळ्या आठवडा-दोन आठवडे तरंगतात आणि मग वाळूच्या कणाएवढा जीव तळाला बसतो. तिथून त्याचे खरे हाल सुरू होतात, कारण इथल्या निळ्या खेकड्याला तो शेंगदाण्यासारखा फोडता येतो. क्लॅम ४० मिलिमीटरच्या पुढे गेला की बहुतेक खेकड्यांच्या नांग्या हरतात, पण तोवर त्याला काही वर्षं लपून काढावी लागतात. मऊ चिखलात खेकडा नांगी खुपसून सहज उकरतो. कवचांच्या खचात त्याला उकरता येत नाही. म्हणजे १९३३ नंतर मेलेली कालवं मागे एक कुंपण ठेवून गेली होती आणि त्याच्या आड क्लॅमच्या पिढ्या वाढत होत्या. व्हर्जिनियात वाचाप्रीगच्या प्रयोगशाळेत मायकेल कॅस्टान्याने पुढे हीच गोष्ट हाताने करून पाहिली. क्लॅमचं बियाणं खाडीत पेरून त्यावर खडी आणि कवचांचा चुरा पसरला, आणि जिथे एरवी काहीच उरत नव्हतं तिथे पिल्लं जगली. नंतर खडीच्या जागी जाळ्या आल्या आणि आज व्हर्जिनियाच्या त्या किनाऱ्यावर क्लॅमची मोठी शेती उभी आहे.

पण कवचांच्या आड लपलेला क्लॅम काढायलाही अवघड. दाताळ्याला कवचं अडकतात, चिमट्याला अडकतात. ही अडचण दूर केली एका वैमानिकाने, आणि त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण ती आसामातून येते. फ्लेचर हँक्स मेरीलँडच्या ऑक्सफर्ड गावचा. दुसऱ्या महायुद्धात तो चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशनची विमानं दिनजानहून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमध्ये नेत असे. त्या हवाई वाटेला वैमानिक 'हंप' म्हणत आणि तिथे शेकडो विमानं पडली. युद्ध संपल्यावर तो गावी परतला आणि १९५०च्या सुमाराला त्याने एक यंत्र बनवलं: पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी तळ सैल करायचा आणि फिरत्या पट्ट्यावरून शिंपले वर आणायचे. चेसापीक खाडीत मऊ कवचाचे क्लॅम भरपूर होते, पण ते पाण्याखालून न फोडता काढायची सोय नव्हती. हँक्सच्या यंत्राने एक नवा धंदाच उभा केला. पुढे तेच यंत्र अटलांटिककडच्या खाड्यांत हार्ड क्लॅमसाठी आलं. हंपवर पडलेल्या एका विमानाचा शोध हँक्सने म्हातारपणापर्यंत सोडला नाही, आणि १९९७ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, चीनच्या डोंगरांत जाऊन त्याचे अवशेष पाहिले. माझ्या पायाशी घरघरणारा पट्टा त्याच माणसाच्या डोक्यातून निघाला होता.

आमचं मोजणीचं काम असं चालायचं. खाड्यांत आधीच ठरवलेले बिंदू. उपग्रहाच्या आधाराने होडी बिंदूवर आणायची, पाण्याची खोली, तापमान आणि खारटपणा टिपायचा. कॅप्टन फवारे सुरू करणार आणि ठरलेल्या अंतराची एक सरळ ओळ ओढणार. पात्याची रुंदी गुणिले ओळीची लांबी, म्हणजे किती तळ खणला ते कळतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं उभे. जे वर येईल ते सगळं वेचायचं. जिवंत क्लॅम एका टोपलीत. दोन्ही शिंपा बिजागरीने जोडलेल्या, पण आत काही नाही, असा मेलेला क्लॅम दुसरीत. त्याला 'बॉक्स' म्हणतात, आणि मला तो जिवंत क्लॅमपेक्षा जास्त सांगायचा. बॉक्स आतून स्वच्छ, चकचकीत असला तर मरण ताजं. आत शेवाळ आणि बार्नकल बसले असतील तर ते जुनं. मग प्रत्येक जिवंत क्लॅमची लांबी कॅलिपरने मिलिमीटरमध्ये. "शहात्तर, एक्क्याऐंशी, सत्तर, नव्वद," असं मी म्हणत जायचे आणि माझा सहकारी लिहून घ्यायचा. दुपारपर्यंत बोटांची टोकं सोलवटून निघत.

त्या यादीत मला टोचायचं ते एवढंच, की लहान आकडे येत नसत. पट्ट्याच्या जाळीतून चिमुकले क्लॅम गळून जातात हे खरं, त्यामुळे या यंत्राने पिल्लांची गणती होतच नाही. पण जाळीत अडकण्याएवढ्या वयाचेही कमीच. टोपलीत असायचे मोठे, जाड, म्हातारे. हार्ड क्लॅम कित्येक दशकं जगतो, शंभरी गाठल्याचीही नोंद आहे. म्हणून नुसती संख्या फसवते. ज्या गावात घरं तेवढीच, दिवेही तेवढेच, पण शाळेत पटावर मुलंच नाहीत, त्या गावाची खानेसुमारी आपल्याला कोकणात चांगली ठाऊक आहे. आणि क्लॅमचे तर नर-मादी दोघंही आपलं बीज पाण्यात सोडून देतात. शेजारी दूर असला तर अंडं फळत नाही.

एकट्या आकड्याला बोलता येत नाही, हेही मी तिथेच शिकले. राज्याच्या या मोजण्या १९९०च्या दशकात नेमाने होऊ लागल्या. त्यांना अर्थ आला तो आधीच्या पिढीने मोजून ठेवलं होतं म्हणून. वेल्स होता, १९६०च्या दशकाच्या अखेरीची एक पाहणी होती. शेजारच्या न्यूजर्सीचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. तिथल्या लिटल एग हार्बर या खाडीत १९८६-८७ मध्ये सुमारे २० कोटी क्लॅमचा अंदाज आला होता. पुढची मोजणी थेट २००१ मध्ये, आणि आकडा साडेसहा कोटी. दोन तृतीयांश गेले. पहिली मोजणी झाली नसती तर साडेसहा कोटी ही संख्या ऐकून कुणीही खूश झालं असतं. न्यूयॉर्कच्या ग्रेट साउथ बेमध्ये तर १९७०च्या दशकात देशातल्या निम्म्याहून जास्त हार्ड क्लॅम निघत. १९७६च्या सुमाराला तिथलं पीक शिगेला पोचलं, मग घसरण, आणि १९८५ मध्ये पाणी तपकिरी करणारं एक सूक्ष्म शैवाल आलं, ज्याने क्लॅमचं खाणंपिणंच बंद पाडलं. ते शैवाल मेरीलँडच्या खाड्यांतही सापडलं आहे. आमच्या वहीत पाण्याच्या रंगाचा एक रकाना होता तो उगाच नव्हे.

इकडे १९९०च्या दशकात विमानातून काढलेल्या छायाचित्रांत सागरी गवताच्या हिरव्या पट्ट्यांवर खणकामाचे ओरखडे दिसू लागले. गवत कुठे हळूहळू परतत होतं आणि यंत्रं त्यातूनच फिरत होती. आधी गवताच्या जागा बंद झाल्या. मग २००८ पासून मेरीलँडने या खाड्यांत यंत्राने क्लॅम काढणंच थांबवलं. हाताने काढायला मुभा राहिली. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि ते मी कॅप्टनसमोरही म्हटलं आहे. तो धंदा ज्यांच्या घरात होता अशा मोजक्या कुटुंबांतला तो एक. त्याने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, की बापाने यंत्राचं कर्ज फेडलं त्या वर्षी त्यांच्या घरात पहिल्यांदा रंगीत टीव्ही आला होता. ज्या पाण्यात हँक्सचं यंत्र धंद्यासाठी चालवायला बंदी, त्याच पाण्यात तो आता ते मोजणीसाठी चालवत होता आणि त्याच्याइतक्या हलक्या हाताने ते चालवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तळ कुठे मऊ, कुठे कडक, हे त्याला पट्ट्याच्या आवाजावरून कळे. "कवचं," तो म्हणायचा, आणि पुढच्या क्षणी ती वर यायची. आत्याच्या तळव्यांना जे कळायचं ते याच्या कानांना कळत होतं.

बंदी आली म्हणून क्लॅम झपाट्याने वाढले असं झालं नाही. खेकडे आहेतच, शैवाल आहे, शेतांतून आणि घरांतून वाहून येणारं नत्र आहे, आणि कवचांचा खच दर वर्षी थोडा जास्त झिजतो, थोडा जास्त चिखलात बुडतो. जिवंत कालवं त्यावर नवी कवचं घालत नाहीत. १९३३च्या वादळाने मागे ठेवलेली ठेव आपण नव्वद वर्षं वापरतो आहोत. म्हणूनच एका हंगामाच्या मध्यावर मी विचारलं, की कवचांसाठीही एक रकाना करू या का. तळ 'कवचयुक्त' आहे एवढं लिहिलं जायचंच, पण किती, ते नाही. आम्ही टोपलीने मापायला सुरुवात केली.

त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी शिंकटीग खाडीतला शेवटचा बिंदू. वारा वाढला होता, सगळ्यांना घरी जायचं होतं. क्लॅम मोजून झाले, परत पाण्यात गेले. कवचांची टोपली राहिली. मी ती उचलून जिथे होतो तिथेच उलटी करणार, तेवढ्यात कॅप्टनने हात वर केला. आम्ही ओळीपासून बरेच वाहून आलो होतो, खाली नुसता चिखल होता. त्याने होडी वळवली, वाऱ्याविरुद्ध, लाटा अंगावर घेत, जिथून कवचं काढली होती तिथे आणली आणि इंजिन हलकं धरून ठेवलं. मी टोपली रिकामी केली. एका कवचाला बोटाच्या नखाएवढा खेकडा चिकटलेला होता, तोही गेला. वहीत लिहिलं: क्लॅम ३, बॉक्स १, कवचं पाऊण टोपली.